भीड आणि भरवसा

आजारी माणसाने डॉक्टरांना त्यांची पदवी विचारावी काय? प्रश्न साधा दिसतो. जमिनीचा व्यवहार करताना आपण सात-बारा पाहतो, मुलीला स्थळ आले की तीन गावांत चौकशी करतो, बैल घेताना त्याचे दात पाहतो. परंतु ज्याच्या हाती आपण आपला देह सोपवतो, त्याला "आपले शिक्षण काय? आपली नोंदणी कोठे आहे?" असे विचारण्याची वेळ आली की आपली जीभ टाळूला चिकटते. विचारणे म्हणजे अपमान करणे, अशी आपली पक्की समजूत आहे. या समजुतीचा एकदा नैतिक अंगाने विचार करावा, असे आम्हांला गेल्या वर्षापासून वाटत आहे. त्याला कारण घरचेच घडले.

देगलूर हा नांदेड जिल्ह्याचा दक्षिणेकडील तालुका. तेलंगणाची हद्द येथून जवळ, कर्नाटकाचीही फार दूर नाही. १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या या भागाला हैदराबाद अजूनही परके वाटत नाही. अकोल्याहून संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग याच गावावरून जातो. घरात मोठे दुखणे आले की त्या रस्त्यावर कोणत्या दिशेला तोंड करावे, हा देगलूरकरांपुढचा पहिला प्रश्न असतो. उत्तरेला नांदेड, दक्षिणेला हैदराबाद. कोणी उदगीर-लातूरची वाट धरतो, कोणी निजामाबादची, तर कोणी बीदरची.

याच तालुक्यातील एका वाडीवर आमचे मामा राहतात. थोडी कोरडवाहू जमीन आणि पाच-सहा शेळ्या एवढा त्यांचा प्रपंच. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी त्यांना ताप येऊ लागला. सकाळी अंग निवे, तिन्हीसांजेला पुन्हा कढत होई, रात्री घामाने अंथरूण भिजे आणि कंबर अशी धरे की उठवत नसे. ज्या दवाखान्यात ते घर वर्षानुवर्षे जात आले, तेथेच त्यांना नेण्यात आले. त्या दवाखान्याच्या फलकावर डॉक्टरांच्या नावाखाली ठळक अक्षरांत एक ओळ रंगवलेली होती : 'ताप व संसर्गजन्य रोग तज्ज्ञ'. रक्ताची एक तपासणी झाली, टायफॉइड ठरला, सलाईन लागले, इंजेक्शने झाली. ताप चार दिवस उतरला आणि पुन्हा चढला. पुन्हा सलाईन लागले. असे पाच आठवडे गेले. मामींनी नोव्हेना धरली, आणि अशक्तपणा जावा म्हणून त्या मामांना रोज शेळीचे धारोष्ण दूध पाजू लागल्या. बारा वर्षांच्या नातीलाही तेच दूध मिळे.

या काळात आम्ही दोनदा भेटीला गेलो. दोन्ही वेळा त्या फलकाखाली उभे राहून ती ओळ वाचली. संसर्गजन्य रोगांचा तज्ज्ञ कोणाला म्हणावे, त्यासाठी केवढा अभ्यास करावा लागतो, याची आम्हांला थोडीफार कल्पना होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक नाही, हेही आमच्या ध्यानात आले होते. विचारावेसे वाटले. मामा म्हणाले, "उगी कशाला इचारता? रात्री-अपरात्री धावून येणारा माणूस हाय त्यो." आम्ही गप्प बसलो. डॉक्टरांनी आम्हांला चहा पाजला होता. ज्याच्या घरचा चहा घेतला, त्याला पदवी कशी विचारावी?

पाचवा आठवडा संपताना मामांना नांदेडच्या एका फिजिशियनकडे नेले. त्यांनी नाडी पाहण्याआधी अर्धा तास प्रश्नच विचारले. काम काय करता, जनावरे कोणती आहेत, दूध उकळून पिता की तसेच, शेळ्यांच्या वेतात हात घालता काय, आणि या वर्षात एखादी शेळी गाभडली होती काय. दोन गाभडल्या होत्या. आम्हांला कोणालाच त्याचा मामांच्या तापाशी संबंध लागला नव्हता. रक्त पुन्हा तपासायला गेले आणि ब्रुसेलोसिस निघाला. शेळ्या-गुरांच्या न उकळलेल्या दुधातून आणि त्यांच्या वेताच्या वेळी माणसाला लागणारा हा जुना रोग. औषधे महाग नव्हती, दोन प्रकारच्या गोळ्या सहा आठवडे घ्यावयाच्या होत्या. मात्र त्यांतील एक गोळी क्षयरोगावरही दिली जाते. म्हणून मामांना क्षय नाही याची खात्री केल्यावाचून त्या डॉक्टरांनी ती लिहून दिली नाही. मग त्यांनी विचारले, "हे दूध घरात आणखी कोण पिते?" नातीचे रक्त तपासले. तिलाही तोच रोग होता.

नात बरी झाली. मामांचा तापही गेला, परंतु कंबरेचे दुखणे राहिले. मिस्साच्या वेळी त्यांना आता गुडघे टेकता येत नाहीत.

या गोष्टीत दोष कोणाचा, असे आम्ही स्वतःला अनेकदा विचारले आहे. देगलूरच्या डॉक्टरांचा काही असेलच. पण आम्हांला शंका आली होती आणि आम्ही ती गिळली, हे आमच्या मनातून जात नाही. आमच्या गप्प बसण्याला मराठीत नेमका शब्द आहे : भीड. हा शब्द फसवा आहे. त्यात आदर आहे, उपकाराची जाण आहे, संकोच आहे, आणि तळाशी थोडे भयही आहे. 'भीड भिकेची बहीण' या म्हणीत भिडेने नुकसान होते ते स्वतःचे. भिडस्त माणूस आपलेच घर रिकामे करतो, असा तिचा रोख आहे. येथे मात्र भीड धरली आम्ही आणि दुखणे भोगले एका मुलीने. आपल्या सौजन्याची किंमत दुसरा चुकवत असेल, तर त्या सौजन्याला सद्गुण म्हणता येईल काय?

यावर आपल्या घरांतून एक उत्तर हमखास येते. भरवसा देवावर ठेवावा, डॉक्टर निमित्तमात्र. चौकशा करीत बसणे हे अल्पविश्वासाचे लक्षण. हे उत्तर ऐकायला भक्तिपूर्ण वाटते, परंतु पवित्र ग्रंथाला ते ठाऊक नाही. सिराखच्या ज्ञानग्रंथाचा ३८ वा अध्याय आपल्या कॅथलिक बायबलमध्ये आहे. वैद्याला मान द्यावा, औषधी जमिनीतून परमेश्वरानेच उगवल्या आहेत, आजारी माणसाने प्रार्थनाही करावी आणि वैद्यालाही वाट करून द्यावी, असा त्याचा आशय आहे. त्याच अध्यायात वैद्यही देवाजवळ मागणे करतो : आपले निदान बरोबर यावे म्हणून. निदान चुकू शकते, याची जाणीव त्या प्राचीन लेखकाला आहे आणि त्याच्या वैद्यालाही आहे.

शुभवर्तमानांत तर यापेक्षाही बोलकी जागा आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची कथा मार्क सांगतो तेव्हा तो काहीच हातचे राखत नाही. अनेक वैद्यांच्या हाती तिने हाल सोसले, होते नव्हते ते खर्चून टाकले, आणि गुण येण्याऐवजी दुखणे वाढले. तीच कथा लूक सांगतो तेव्हा ती कोणाच्याने बरी होऊ शकली नव्हती, एवढ्यावर तो भागवतो. हाल केल्याचा आणि दुखणे वाढवल्याचा आरोप त्याच्याकडे गळून पडतो. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात लूकला वैद्य म्हटले आहे. आपल्या व्यवसायबंधूंची त्यालाही थोडी भीड पडली असावी, असा गमतीचा संशय आम्हांला येतो. परंतु दोन्ही शुभवर्तमाने त्या स्त्रीला एका शब्दानेही दोष देत नाहीत. इतके वैद्य का केलेस, असे प्रभू तिला विचारीत नाही.

कुष्ठरोग्यांचेही असेच. लेवीयच्या १३ व्या आणि १४ व्या अध्यायांत कातडीवरील डागाची पारख याजकाने कशी करावी, याचे बारकाईने नियम आहेत. डाग पाहायचा, माणसाला सात दिवस वेगळे ठेवायचे, पुन्हा पाहायचा, संशय उरल्यास आणखी सात दिवस. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला बरे केल्यावर त्याला याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितले. ज्याच्या शब्दाने रोग गेला, त्यानेही तो गेल्याची पारख नेमलेल्या परीक्षकाकडून करवून घेतली. आपल्या कृतीची कोणी पडताळणी करावी, यात त्याला कमीपणा वाटला नाही. मग दवाखान्याच्या भिंतीवर प्रमाणपत्र पाहू पाहणाऱ्या रोग्याचा डॉक्टरांना, किंवा डॉक्टरांच्या वतीने आपल्यालाच, राग का यावा?

संत थॉमस अक्वायनस विवेक या सद्गुणाची अंगे मोजतो, तेव्हा दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवतो. जाणत्याकडून शिकून घेण्याची, त्याचे ऐकण्याची तयारी हे एक अंग. सावधपणा हे दुसरे. आपण मात्र या दोन गोष्टींना एकमेकींच्या वैरिणी समजतो. भरवसा ठेवायचा तर डोळे मिटायचे, आणि डोळे उघडे ठेवायचे तर भरवसा नाही, असा आपला हिशेब. वास्तविक कोणाचे ऐकायचे हे ठरविण्यासाठीच सावधपणा लागतो. मामांनी डॉक्टरांचे ऐकले, सगळी इंजेक्शने निमूट घेतली. त्यांचे ऐकणे खोटे नव्हते. कोणाचे ऐकतो आहोत, हे पाहण्याचे काम आमचे होते.

आता ते पाहायचे कसे, याविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण अज्ञान हेही भिडेचे एक पांघरूण असते. आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांसाठी २००२ ची आचारसंहिता आहे. भारतीय वैद्यक परिषद जाऊन २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला, तरी ती चालूच आहे. राज्य परिषदेने दिलेला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा, तसेच प्रत्येक चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशांच्या पावतीवर लिहावा, असे ती सांगते. त्या शाखेची विशेष पदवी नसताना तज्ज्ञ म्हणवून घेऊ नये, असेही ती सांगते. म्हणजे जी गोष्ट आम्ही विचारायला लाजलो, ती न विचारताच दाखविण्याचे कर्तव्य डॉक्टरांवर आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि पदव्युत्तर पदवीची तेथे वेगळी नोंद होते. परिषदांच्या आणि आयोगाच्या संकेतस्थळांवर डॉक्टरांचे नाव शोधता येते. घरातील शाळकरी मूलही ते पाच मिनिटांत करून देईल. देगलूरकरांनी एवढे ध्यानात ठेवावे की त्यांचे डॉक्टर तीन राज्यांत विखुरलेले आहेत. हैदराबाद-निजामाबादच्या डॉक्टरांची नोंद तेलंगणाच्या परिषदेत सापडेल, बीदरच्या डॉक्टरांची कर्नाटकाच्या. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा निराळ्या. एका वहीत नाव नाही म्हणून कोणाला लबाड ठरवू नये. आधी वही बरोबर उघडली आहे ना, ते पाहावे.

'संसर्गजन्य रोग तज्ज्ञ' ही पदवी आपल्या देशात तशी अलीकडची आहे. एम.बी.बी.एस. झाल्यावर तीन वर्षांची एम.डी., बहुधा मेडिसीनची, आणि त्यावर पुन्हा तीन वर्षांची या विषयातील डी.एम., असा तो लांबचा रस्ता आहे. राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या वाटेनेही तेथे जाता येते. अशी डी.एम. देणे आपल्याकडील मोजक्या संस्थांनी या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आसपास सुरू केले. त्यामुळे असे तज्ज्ञ थोडे, आणि जे आहेत ते मोठ्या शहरांत. तालुक्याच्या ठिकाणी कोणाच्या फलकावर ही ओळ दिसली, तर ती खोटीच असेल असे नाही, पण विचारण्याजोगी खास आहे. शिवाय सारख्या दिसणाऱ्या पदव्यांचा घोळ असतो. सूक्ष्मजीवशास्त्रातील एम.डी. मुख्यत्वे प्रयोगशाळेत जंतू ओळखतात, छातीच्या रोगांचे एम.डी. क्षयाचे जाणकार असतात, सामाजिक वैद्यकाचे एम.डी. साथींचा अभ्यास करतात. तिघेही आपापल्या जागी हवेत. लांबलेल्या तापाच्या रोग्याने मात्र आधी चांगला एम.डी. फिजिशियन गाठावा, आणि पुढे कोणाकडे जायचे ते त्याच्याकडून लिहून घ्यावे. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून आहे. तेथे मेडिसीन आणि सूक्ष्मजीवशास्त्र एकाच आवारात आहेत, ही तापाच्या रोग्याला लहान सोय नव्हे. हैदराबादला नल्लाकुंट्याचे ताप-रुग्णालय आहे. कागदोपत्री ते सर रोनाल्ड रॉस यांच्या नावाचे, पण लोकांच्या तोंडी अजून 'कोरंटी'च; क्वारंटाइन शब्दाचे तेथील बोलीने केलेले हे रूप. आणि प्रवास झेपत नसेल, तर सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून गावच्या आरोग्य केंद्रात बसूनही दूरच्या डॉक्टरांशी बोलता येते. दूरध्वनीवरून सल्ला देणाऱ्या डॉक्टरांनीही आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर द्यायचा असतो. तसा नियम मार्च २०२० मध्ये झाला.

नोंदणी खरी असली म्हणजे सगळे आले, असेही नाही. १९९२ सालच्या जुलैत मुंबईत एका पस्तिशीच्या गृहस्थाला ताप आला. ज्या डॉक्टरांनी उपचार केले, त्यांची पदवी खरी होती आणि नोंदणीही खरी होती, परंतु ती होमिओपॅथीची. त्यांनी औषधे दिली आधुनिक वैद्यकाची, आधी विषाणूचा ताप समजून आणि नंतर टायफॉइड समजून. दहा-बारा दिवसांत तो गृहस्थ दगावला. त्याची पत्नी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १० मे १९९६ रोजी निकाल लागला. ज्या पद्धतीचे ज्ञान नाही ती वापरणारा, मग त्याच्याजवळ दुसऱ्या पद्धतीची पदवी का असेना, तो त्या पद्धतीपुरता भोंदूच, असा त्या निकालाचा आशय होता. तीन लाख रुपयांची भरपाई देण्याचा हुकूम झाला. त्यानंतर महाराष्ट्रात अन्य पद्धतींच्या डॉक्टरांना काही मर्यादेत आधुनिक औषधे देऊ द्यावीत काय, यावर कायदे बदलले आणि वादही पुष्कळ झाले. आम्हांला त्या वादात शिरावयाचे नाही. आम्हांला एवढेच दिसते की प्रमाणपत्र हे एका विशिष्ट कामाचे असते, आणि भिंतीवरची चौकट पाहताना त्या कामाचे नावही वाचावे लागते.

आणि योग्य पदवीही कधीकधी पुरत नाही. धारावीतील खासगी डॉक्टरांना क्षयरोगाची चिठ्ठी कशी लिहाल, असे विचारून केलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. १०६ डॉक्टरांनी ६३ वेगवेगळ्या प्रकारची औषधयोजना लिहिली. बरोबर लिहिणारे सहा निघाले. वीस वर्षांपूर्वीच्या अशाच पाहणीतही चित्र फारसे निराळे नव्हते. त्या डॉक्टरांत निरनिराळ्या पद्धतींचे लोक होते. हे आकडे वाचून कोणी म्हणेल, मग पदवी विचारायची तरी कशाला?

उलट बाजूनेही एक मोठे उदाहरण देता येईल. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ते आपल्याच धर्माचे, गोव्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर. त्यांचा पुतळा धोबीतलावापाशी आहे. त्यांचे निदानही तसेच मान्य झाले नाही. स्वतंत्र जाणकारांनी ते पडताळून पाहिले. पुढे त्या प्लेगवर लस केली वाल्देमार हाफकिन यांनी, आणि हाफकिन डॉक्टर नव्हते. ते प्राणिशास्त्राचे अभ्यासक होते, वैद्यकाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती, आणि त्या काळच्या सरकारी डॉक्टरांना ते सलत असे. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली, तेव्हा सगळा दोष हाफकिन यांच्यावर आला. बाटली गावात उघडताना झालेली चूक होती, हे मान्य व्हायला पाच वर्षे गेली. त्यांच्या बाजूने १९०७ मध्ये जाहीरपणे उभे राहिलेल्यांत रोनाल्ड रॉस होते, ज्यांचे नाव हैदराबादच्या त्या कोरंटीला आहे.

तेव्हा पदवीवाचून ज्ञान असू शकते, हे खरे. पण हाफकिन यांनी काय केले ते पाहावे. १० जानेवारी १८९७ रोजी ती लस त्यांनी आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेले किती आजारी पडले आणि न टोचलेले किती, याची उघड मोजदाद झाली. जो कागद त्यांच्याजवळ नव्हता, त्याच्या जागी त्यांनी कोणालाही तपासता येईल असा पुरावा ठेवला. फलकावर एक ओळ रंगवून घेणाऱ्याजवळ कागदही नसतो आणि अशी मोजदादही नसते. पदवी आणि नोंदणी यांची खरी किंमत आम्हांला येथे दिसते. डॉक्टर हुशार आहे, हे त्या सांगत नाहीत. हा माणूस कोणाला तरी उत्तर द्यायला बांधलेला आहे, एवढे त्या सांगतात. त्याची परीक्षा कोणी घेतली, तो चुकला तर कोणाकडे जावे, हे त्यांतून कळते. हुशारी नंतर पाहावी लागते, ती त्याच्या प्रश्नांवरून. नांदेडच्या डॉक्टरांनी शेळ्यांविषयी विचारले, तेव्हा आम्हांला प्रथम वाटले की वेळ चालला आहे.

संसर्गजन्य रोगांत ही चौकशी रोग्याची खासगी बाब राहत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. कोणाचा मोडलेला हात वाकडा जुळला, तर तो त्याचा त्याला सलतो. क्षयरोगावर अर्धवट औषध घेतले, तर न मेलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात, आणि तेच शेजाऱ्याच्या पोरात, शाळेत, चर्चच्या बाकावर शेजारी बसलेल्यात शिरतात. क्षयाचा प्रत्येक रोगी सरकारला कळविणे भारतात २०१२ पासून बंधनकारक झाले, ते याचसाठी. 'माझे शरीर, माझा डॉक्टर, तुम्हांला काय?' हा युक्तिवाद येथे लंगडा पडतो. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आपण उपास-दानधर्मापुरती समजतो; आपल्या तापाची नीट चौकशी करणे हाही तिचाच भाग आहे, असे प्रवचनात आम्ही कधी ऐकले नाही. चालीहाच्या एखाद्या रविवारी ऐकायला मिळाले तर बरे होईल.

एवढे सगळे लिहून झाल्यावरही मामांचे वाक्य आमच्या कानांतून जात नाही. रात्री-अपरात्री धावून येणारा माणूस. ते खरेच आहे. पावसाळ्यात ओढा भरून वाहत असताना त्या डॉक्टरांनी एकदा वाडीवर येऊन मामींची वांती-जुलाबाची रात्र काढली होती. ज्यांच्या पदव्या निर्विवाद आहेत, त्यांतले कोण त्या वाडीवर गेले आहे? नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबर अखेरीस चोवीस तासांत चोवीस रोगी दगावले, त्यांत बारा नवजात बालके होती. तेथे गेलेल्यांनी काही चुकीचा फलक वाचला नव्हता. जिल्ह्यातील आणि शेजारच्या मुलखातील सगळा भार एका दारावर पडतो, तेव्हा दारामागच्या माणसांच्या पदव्या कितीही खऱ्या असोत, हात पुरत नाहीत. म्हणून अपुऱ्या शिक्षणाच्या डॉक्टरांना नुसते 'बोगस' म्हणून मोकळे होणाऱ्यांशी आमचे पटत नाही. जेथे कोणीच जात नाही, तेथे ते गेलेले असतात. त्यांचे उपकार मानावेत; मामी नाताळात त्यांच्या घरी करंज्या पाठवतात, त्या पाठवाव्यातच. परंतु उपकाराची फेड म्हणून नातीचा ताप त्यांच्या हवाली करणे, हे कृतज्ञतेचे कोणते रूप आहे, ते आम्हांला सांगता येत नाही. आणि कृतज्ञता व चौकशी एकाच माणसाच्या बाबतीत एकाच वेळी कशी पाळावी, हे आम्हांला कोणी शिकवलेही नाही.

मामांच्या गोळ्यांचे सहा आठवडे संपले, तेव्हा आम्ही देगलूरला त्या डॉक्टरांकडे गेलो. भांडायला नव्हे. मामा बरे झाले, हे सांगायचे होते, आणि जे दोनदा राहिले ते विचारायचे होते. चहा आला. आम्ही तो हाती घेण्याआधीच विचारले, "डॉक्टरसाहेब, राग मानू नका. आपली पदवी कोणती, आणि नोंदणी कोठे आहे?"

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी टेबलाचा खण ओढून एक जुने पाकीट काढले. पदवी खरी होती, नोंदणी खरी होती. दोन्ही दुसऱ्या चिकित्सापद्धतीच्या होत्या. "बावीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. त्या आवाजात राग होता की आणखी काही, ते आम्हांला नीट कळले नाही. फलकावरच्या ओळीविषयी आम्ही काही म्हणायच्या आत तेच म्हणाले की रंगाऱ्याने खाली जागा उरली म्हणून काहीतरी सांगा म्हटले होते.

नंतर त्यांनी नांदेडची कागदपत्रे पाहायला मागितली. चश्मा लावून रक्ततपासणीचा कागद दोनदा वाचला. औषधांच्या चिठ्ठीवरून बोट फिरवीत ते एका ठिकाणी थांबले आणि विचारले, "शेळ्यांचं त्यांनी कसं विचारलं? आधी विचारलं, की तपासणी आल्यावर?" आम्ही सांगितले, आधी. त्यांनी आपल्या चिठ्ठ्यांच्या वहीतील एक कोरे पान उलटे केले आणि त्यावर त्या तपासणीचे नाव उतरवून घेतले. बाहेर चार-पाच रोगी बसले होते. चहा निवून गेला होता; त्यांनी दुसरा सांगितला.